मोठ्या अक्षरावाचून विशेषनाम : मराठी कागदपत्रांच्या वाचनातील एक प्रश्न

मराठी कागदपत्रांच्या आधारे इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एक अडचण पहिल्या पानापासूनच उभी राहते. मूळ कागदात ‘पाटील’, ‘फडणीस’, ‘पेशवे’, ‘देशमुख’, ‘मोगल’, ‘ठाणे’ असे शब्द येतात. रोमन लिपीत उतरवताना त्यांतील कोणता शब्द मोठ्या अक्षराने सुरू करावयाचा व कोणता लहान, याचा निर्णय त्याला करावा लागतो. देवनागरीत वा मोडीत लिहिणाऱ्या कारकुनाला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्याच्या लिपीत मोठी व लहान अशी दोन प्रकारची अक्षरेच नव्हती. विद्यार्थी बहुधा हा प्रश्न टंकलेखनाचा समजतो आणि मार्गदर्शकाच्या आवडीप्रमाणे सोडवून मोकळा होतो. वस्तुतः तो अर्थाचा प्रश्न आहे. ‘पाटील’ हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिला की तो कोणा एका माणसाचे किंवा घराण्याचे नाव होतो, लहान अक्षराने लिहिला की गावच्या एका अधिकाराचे नाव राहतो. यांपैकी कागद लिहिणाऱ्याच्या मनात काय होते हे ठरविल्याशिवाय लेखणी पुढे सरकू शकत नाही, आणि हे ठरविणे म्हणजे त्या काळच्या वतनव्यवस्थेविषयी व राज्यव्यवस्थेविषयी एक विधान करणेच होय.

ज्या लिपीने हा प्रश्न आपल्यापुढे टाकला, तिची स्थिती प्रथम पाहू. रोमन लिपीतील मोठे अक्षर हे विशेषनामाचे जन्मसिद्ध चिन्ह आहे, हा समज इंग्रजी शाळेतून आपल्याकडे आला. प्राचीन रोमन शिलालेख संपूर्णपणे एकाच घाटाच्या मोठ्या अक्षरांत कोरलेले आहेत. त्यांत सीझरचे नाव आणि रस्त्यावरील दगडाचे नाव सारख्याच अक्षरांत येते. लहान अक्षरांचे वळण शार्लमेनच्या काळी, इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत स्थिरावले. त्यानंतर मोठी अक्षरे प्रारंभदर्शक व शोभादायक म्हणून मागे उरली, आणि विशेषनामाशी त्यांचा संबंध पुढे हळूहळू जडत गेला. तोही सर्वत्र सारखा जडला नाही. जर्मन भाषेत आजही प्रत्येक नाम, मग ते सामान्य असो वा विशेष, मोठ्या अक्षराने लिहितात. डॅनिश भाषेत हीच रीत होती, ती १९४८ च्या लेखनसुधारणेने सोडून दिली. खुद्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्यनामांनाही मोठे अक्षर देण्याची प्रथा जोरात होती.

हा शेवटचा मुद्दा मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला फार जवळचा आहे. सुरतेच्या वखारीचे आणि १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीकडे आल्यानंतरचे मुंबईचे इंग्रजी कागद नेमके याच काळातले आहेत. त्यांत जहाज, कापड, मिरी, गव्हर्नर आणि शिवाजी महाराज या सर्वांना मोठे अक्षर मिळालेले आढळते. या कागदांतील एखादा अपरिचित शब्द मोठ्या अक्षराने लिहिला आहे, एवढ्यावरून तो व्यक्तीचे वा स्थळाचे नाव आहे असे अनुमान काढणे निराधार ठरते.

इंग्रजांची दुसरी सवय याहून घातक होती. मराठी नामांतील घटक त्यांना ओळखू येत नसत, आणि जो शब्द प्रथम कानी पडला त्यालाच ते नाव समजून चालत. शाहू महाराजांचा उल्लेख त्यांच्या कागदांत ‘साऊ राजा’ असा येतो. एवढे समजण्याजोगे आहे. परंतु ‘आंग्रिया’ हा शब्द पाहा. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले, तुळाजी आंग्रे १७५६ मध्ये विजयदुर्ग पडल्यावर कैद झाले. मधल्या काळात सेखोजी, संभाजी, मानाजी या भावांचे आपापसांतील वैर कुलाबा व विजयदुर्ग अशा दोन ठाण्यांत वाटले गेले होते. इंग्रजी लेखनात या सर्वांना पुष्कळदा एकच ‘आंग्रिया’ पुरतो. जणू एकच माणूस अर्धे शतक समुद्रावर वावरत होता! आडनावाचे असे व्यक्तिनाम झाले, तर गायकवाडांच्या बाबतीत आडनावाचे पदनाम झाले. इंग्रजीत हे नाव निश्चयवाचक उपपदासह, म्हणजे एखादा हुद्दा असावा त्याप्रमाणे, लिहिले जाऊ लागले. मराठीत ‘गायकवाड’ हे कधी पद नव्हते. सेनाखासखेल ही त्यांची पदवी होती. पण साहेबाच्या व्याकरणाने आडनावाला पद केले आणि खरी पदवी टीपांत ढकलली.

आता आपल्या परंपरेकडे वळू. लिपीत मोठे अक्षर नाही म्हणजे विशेषनामाचा विचार नाही, असे समजणे चूक होय. संस्कृत वैयाकरणांनी शब्दप्रवृत्तीची जाती, गुण, क्रिया व यदृच्छा अशी जी चार निमित्ते सांगितली, त्यांतील यदृच्छाशब्द म्हणजे, स्थूलमानाने, आपले विशेषनाम. पतंजलीच्या महाभाष्यात ही चर्चा विस्ताराने आली आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की पाणिनीच्या व्याकरणात काही रूपे केवळ संज्ञेच्या, म्हणजे नावाच्या अर्थीच सिद्ध होतात. ‘शूर्पणखा’ हे उदाहरण घ्यावे. सुपासारखी नखे असलेली स्त्री एवढाच अर्थ असता तर ‘न’चा ‘ण’ झाला नसता आणि शेवटी ‘ई’ हा स्त्रीप्रत्यय लागला असता. ‘ण’ आला आणि शेवट ‘आ’ राहिला, कारण ते नाव आहे. म्हणजे जे काम रोमन लिपी अक्षराच्या आकाराने करू पाहते, ते येथे उच्चाराने व प्रत्ययाने केले आहे. ऐकणाऱ्यालाही भेद कळतो. मोठे अक्षर मात्र डोळ्यांपुरतेच असते.

अर्वाचीन मराठी व्याकरणकारांनी, दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून, नामाचे भेद मांडताना इंग्रजी व्याकरणाचा घाट पुष्कळसा स्वीकारला. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या शास्त्रीय मराठी व्याकरणात या विषयाचा अधिक स्वतंत्र विचार आहे. शालेय पुस्तकांतून मात्र ‘नदी हे सामान्यनाम, गोदावरी हे विशेषनाम’ एवढीच वाटणी उरली. ‘गंगा’ म्हणून गोदावरीचा निर्देश करणाऱ्या आणि ‘गंगातीर’ म्हणजे गोदातीर समजणाऱ्या जुन्या मराठी कागदांपुढे ही वाटणी लंगडी पडते.

मोडी कागदाच्या वाचकापुढे तर प्रश्न आणखी एका पायरीने मागे जातो. मोडीचा लेखक आधी शिरोरेघ ओढतो आणि तिच्याखाली अक्षरे ओळीने सोडत जातो. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ह्रस्वदीर्घाचा भेद पाळलेला नाही. शब्द कोठे संपतो हेच जेथे वाचकाने ठरवावयाचे, तेथे तो सामान्य की विशेष हे अक्षराच्या रूपावरून कळण्याची आशा व्यर्थ होय. ‘पंत प्रधान’ की ‘पंतप्रधान’, ‘पाटील बावा’ की ‘पाटीलबावा’, हे छापील संग्रहात आपण जे वाचतो ते संपादकाचे मत असते. राजवाडे, खरे, सरदेसाई यांच्यासारख्या संपादकांनी लक्षावधी शब्दांच्या बाबतीत हा निर्णय मुकाट्याने केला, म्हणूनच छापील साधने आपल्याला इतकी सुबोध वाटतात. त्यांचे हे ऋण मान्य करूनही विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे की छापील पुस्तकातील शब्दांमधली रिकामी जागा मूळ कागदात नाही.

तरीही पेशवाईतील कारकून हे कागद अडखळल्यावाचून वाचीत असत. याचे कारण मोडीच्या लेखनपद्धतीत नाव ओळखण्याची स्वतःची साधने होती. ती अक्षरांत नसून नावाच्या पुढेमागे उभ्या केलेल्या शब्दांत होती. ‘मौजे’ आले की पुढचा शब्द खेड्याचे नाव, ‘कसबे’ आले की पेठ-बाजार असलेल्या गावाचे, ‘किल्ले’ आले की गडाचे. तर्फ, परगणे, प्रांत यांचीही तीच कामगिरी. व्यक्तीच्या बाबतीत ‘राजश्री’, ‘वेदमूर्ती’, ‘मातुश्री’, ‘चिरंजीव’ हे शब्द नुसते आदराचे वा नात्याचे नाहीत. येथून पुढे माणसाचे नाव सुरू होते अशी ती वर्दी आहे. नाव एकदा येऊन गेले की पुढे ‘मशारनिल्हे’ आणि गाव एकदा येऊन गेले की ‘मौजे मजकूर’. कायद्याच्या मसुद्यालाही हेवा वाटावा इतकी ही शिस्त काटेकोर आहे.

या शिस्तीचा सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे महजर, निवाडपत्रे व वतनपत्रे यांतील माणसाच्या नावाचा क्रम. ‘अमुक बिन तमुक जगताप पाटील मौजे फलाणे’ अशा घाटात पहिले स्वतःचे नाव, ‘बिन’नंतर बापाचे, मग आडनाव, मग अधिकार आणि शेवटी तो अधिकार ज्या गावावर चालतो ते गाव. येथे ‘पाटील’ हा शब्द ‘मौजे’ला चिकटलेला आहे. त्याला त्या गावापासून तोडले तर तो निरर्थक होतो. म्हणून तो अधिकारवाचक सामान्यनाम आहे, आणि रोमन लिपीत त्याला लहान अक्षरच दिले पाहिजे. याउलट अव्वल इंग्रजीनंतरच्या कागदांत ‘पाटील राहणार अमुक’ असा मजकूर येतो. तेथे गाव अधिकाराचे क्षेत्र नसून माणसाच्या वस्तीचे ठिकाण आहे, ‘पाटील’ माणसाला चिकटला आहे आणि गाव सुटले आहे. एका शब्दाचा हा प्रवास ज्याला दिसला त्याला वतनसंस्थेच्या इतिहासाचा एक मोठा भाग दिसला. माझ्या मते आडनावांच्या व्युत्पत्तीवर खर्च होणाऱ्या श्रमांपैकी काही श्रम या शेजारशब्दांच्या निरीक्षणाकडे वळविले तर अधिक निश्चित फळ मिळेल.

पण ‘मौजे’, ‘राजश्री’ असे शब्द सर्वत्र नसतात. विशेषतः राजकारणाच्या खाजगी पत्रांत लिहिणारा व वाचणारा दोघेही प्रसंग जाणत असल्यामुळे नुसता सामान्य शब्दच व्यक्तीसाठी पुरतो. ‘दादासाहेब’ म्हणजे रघुनाथराव, ‘भाऊसाहेब’ म्हणजे सदाशिवराव, ‘राऊ’ म्हणजे थोरले बाजीराव, ही समीकरणे पाठ्यपुस्तकांमुळे परिचित आहेत. ‘पाटीलबावा’ हे त्याहून बोलके उदाहरण होय. उत्तर हिंदुस्थानात फौजा खेळविणाऱ्या महादजी शिंद्यांचा निर्देश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कागदांत या शब्दाने होतो. कण्हेरखेडची पाटीलकी हे या घराण्याचे मूळ वतन होते. पाटील गावोगाव होते. तरीही त्या वीस-पंचवीस वर्षांत, राजकीय पत्रव्यवहाराच्या मर्यादेत, ‘पाटीलबावा’ हे एकाच माणसाचे नाव झाले, आणि १७९४ मध्ये महादजी वारल्यावर ते काम संपले. विशेषनामाला कालमर्यादा असू शकते, हे व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सांगितलेले नसते.

ही कालमर्यादा न पाळल्यास अनर्थ कसा होतो याचे नमुने समूहवाचक नामांत मिळतात. ‘मोगल’ हा शब्द सतराव्या शतकातील मराठी कागदात आला तर तो दिल्लीच्या बादशहाकडे वा त्याच्या फौजेकडे बोट दाखवितो. तोच शब्द पेशवेकालीन कागदात आला तर पुष्कळदा हैदराबादचा निजाम अभिप्रेत असतो, आणि ‘मोगलाई’ म्हणजे निजामाचा मुलूख. निजाम हा शब्दही सावधगिरी मागतो. अहमदनगरची निजामशाही १६३६ मध्ये बुडाली. हैदराबादच्या निजामाची स्वतंत्र सत्ता १७२४ पासून मोजतात. या दोहोंचा एकमेकांशी वंशाचा संबंध नाही. पहिला शब्द राजवंशाचे उपपद होता, दुसरा निजामुल्मुल्क या किताबाचा संक्षेप. अनुक्रमणिकेत दोघांना एका नोंदीखाली बसविणारी पुस्तके आहेत. ती कोणाची हे येथे सांगण्याचे कारण नाही. ‘अब्दाली’ हे तर टोळीचे नाव. अहमदशहाने १७४७ मध्ये राज्यावर आल्यावर ते टाकून ‘दुराणी’ हे नाव प्रचारात आणले. मराठी कागदांनी व पुढे मराठी वाङ्मयाने मात्र टोळीचे जुने नाव एका माणसावर कायमचे ठोकून दिले.

‘फिरंगी’ शब्दाची वाटचाल उलटसुलट आहे. फ्रँक या युरोपातील एका जमातीच्या नावापासून निघून, अरबी-फारसीतून येताना तो पश्चिमेकडील कोणत्याही ख्रिस्ती माणसाचा वाचक झाला. मराठी कागदांत तो पुन्हा आकुंचित होऊन मुख्यतः पोर्तुगीजांचे नाव बनला. इंग्रज, वलंदेज, फरासीस यांची नावे वेगळी, आणि सर्वांना मिळून ‘टोपीकर’. वसईच्या मोहिमेच्या, म्हणजे १७३७ ते १७३९ च्या पत्रांतील ‘फिरंगी’चे भाषांतर ‘युरोपियन’ असे करणाऱ्याने अर्थ पातळ केला असे म्हणावे लागते. आणि याच शब्दाचा एक धागा ‘फिरंग’ या तलवारीच्या नावात जाऊन पूर्णपणे सामान्यनाम झाला आहे. त्याच मोहिमेत स्थळनामाचाही घोळ संभवतो. ‘ठाणे’ म्हणजे फौजेची चौकी, आणि ‘ठाणे’ म्हणजे साष्टी बेटावरील ते शहर, जे मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकले. ‘ठाणे घेतले’ एवढाच मजकूर असेल तर नुसत्या वाक्यावरून निर्णय होत नाही. पत्राची मिती, लिहिणाऱ्याचा मुक्काम आणि पुढच्या ओळीत येणाऱ्या गावांची नावे पाहावी लागतात. तसेच ‘देश’. घाटमाथ्याकडे वर पाहणाऱ्या कोकणातील माणसाला ‘देश’ हे घाटावरच्या मुलखाचे विशेषनामच होते. त्याचे इंग्रजीत ‘राष्ट्र’ असे रूपांतर झाले की अठराव्या शतकाच्या तोंडी एकोणिसाव्या शतकाची भाषा घातली जाते.

परंतु या विषयाचा गाभा अधिकारनामांत आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ मध्ये, प्रधानांची फारसी पदनामे बदलून संस्कृत नामे ठरविण्यात आली. पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकेनिसाचा मंत्री, सरनोबताचा सेनापती, डबिराचा सुमंत. राज्यव्यवहारकोश हा याच दृष्टीचा ग्रंथ. ही सर्व नामे पदांची होती, माणसांची नव्हती. मोरोपंत पिंगळे पेशवे होते, पण त्यांच्या घराण्याचे नाव पिंगळेच राहिले. १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेल्या बाळाजी विश्वनाथ भटांच्या बाबतीत मात्र दोन पिढ्यांत चित्र पालटले. ‘भट’ हे आडनाव मागे पडले, ‘पेशवे’ हे घराण्याचे नाव झाले, त्यापासून ‘पेशवाई’ हे एका कालखंडाचे विशेषनाम निघाले, आणि १८१८ नंतर ज्या दत्तकपुत्राच्या हाती पद, राज्य, शिक्का यांपैकी काहीही नव्हते त्या नानासाहेबांनाही ब्रह्मावर्तास जग पेशवेच म्हणत राहिले. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य, औंधचे पंतप्रतिनिधी यांचीही हीच कथा. सचिवाचे काम करणारा सचिव केव्हाच संपला होता. संस्थाने १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत ‘पंतसचिव’ हे राज्यकर्त्या घराण्याचे नाव म्हणून टिकले. मौजेची गोष्ट अशी की ‘पंतप्रधान’ हा शब्द मात्र आज पुन्हा शुद्ध सामान्यनाम झाला असून कोणत्याही देशाच्या मुख्य मंत्र्यास आपण तो लावतो.

पिंगळ्यांचे पद नाव झाले नाही आणि भटांचे झाले, याचे कारण व्याकरणात शोधून सापडणार नाही. पद वंशपरंपरागत झाले की पदनामाचे घराणेनाव होते, हे त्याचे उत्तर आहे, आणि ते वतनदारीच्या सर्व पातळ्यांवर लागू पडते. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौगुले, महाजन, खोत ही वतने. त्यांची आडनावे महाराष्ट्रभर पसरली. कमाविसदार व मामलेदार हे हुजूरच्या मर्जीने नेमावयाचे व बदलावयाचे अधिकारी. त्यांचे अधिकार गावच्या पाटलापेक्षा कितीतरी मोठे असूनही ती आडनावे विरळा. ‘सुभेदार’सारखे अपवाद आहेत, आणि मामलतीदेखील काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या चालल्या, हे खरे. तथापि सामान्य नियमाला त्यामुळे बाध येत नाही. वतनाच्या तक्षिमा पडत गेल्या म्हणजे प्रत्यक्ष कामकाज एकाच भावाकडे असले तरी हक्क, मान व पान यांचे वाटेकरी सर्वच. मग प्रत्येक भाऊ ‘देशमुख’. जो कधी परगण्याच्या जमाबंदीला बसला नाही तोही देशमुख. पदनाम भाऊबंदांत वाटले गेले त्या क्षणी ते पदनाम राहिले नाही. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनदार घराण्यातील प्रतिनिधी-वतनदार आणि प्रत्यक्ष काम करणारा यांत भेद केला, तेव्हा सरकारने या जुन्या वस्तुस्थितीची कायद्यात नोंद केली इतकेच.

या दृष्टीने नाना फडणिसांचे नाव मुद्दाम तपासण्यासारखे आहे. या माणसाचे नाव बाळाजी, बापाचे जनार्दन, आडनाव भानू. आपल्या पत्रांवर ते ‘बाळाजी जनार्दन’ अशी सही करीत. ‘नाना’ हे घरगुती संबोधन, ‘फडणीस’ हा हुद्दा. अर्थात ज्या नावाने ते इतिहासात वावरतात त्यात त्यांचे स्वतःचे नाव नाही, बापाचे नाही आणि आडनावही नाही. दोन सामान्यनामे एकत्र आली आणि त्यांतून मराठी इतिहासातील सर्वांत ठसठशीत विशेषनामांपैकी एक तयार झाले. अडचण अशी की फडणीस एकटे नानाच नव्हते. दरखदारांत दिवाण, मुजुमदार, सबनीस, चिटणीस, पोतनीस यांच्याबरोबर फडणीस असे, आणि सुभ्यांवर व सरदारांच्या पदरीही तो असे. पुण्याहून गेलेल्या राजकीय पत्रातील ‘फडणीस’ बहुधा नाना. एखाद्या सुभ्याच्या हिशेबी कागदातील ‘फडणीस’ बहुधा तेथला दरखदार. अशा कागदावरून ‘नानांनी अमुक रक्कम मंजूर केली’ असे लिहिले गेले तर एका अनाम कारकुनाची सही साडेतीन शहाण्यांपैकी एकाच्या नावावर जमा होते. मागाहूनचे लेखक तो पुरावा म्हणून उद्धृत करतात, आणि राज्याच्या कारभारात नानांचा हात किती खालपर्यंत पोहोचत होता यावरचा सिद्धान्त त्यावर उभा राहतो. रोमन लिपीतील एका अक्षराचा आकार एवढे करू शकतो.

बापाच्या नावाची गल्लतही येथेच नमूद करावी. बाळाजी विश्वनाथ, नारो शंकर, विसाजी कृष्ण, परशुराम त्रिंबक या जोड्यांतील दुसरा शब्द पित्याचे नाव होय. इंग्रजी पद्धतीची सूची करणारा शेवटच्या शब्दाला आडनाव समजून ‘विश्वनाथ’, ‘शंकर’, ‘त्रिंबक’ या अक्षरांखाली नोंदी घालतो. मग एकच माणूस सूचीत दोन-तीन ठिकाणी विखुरतो. इब्राहीमखान ‘गारदी’ याच्या बाबतीत उलट घडले. ‘गारदी’ म्हणजे कवायती पायदळातील शिपाई. फ्रेंच भाषेतून आलेला म्हणून मानला जाणारा हा धंदेवाचक शब्द आज त्याचे आडनाव असल्यासारखा छापला जातो. चिटणिसांच्या घराण्यात दोन्ही अवस्था स्पष्ट दिसतात. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या नावापुढे हा शब्द हुद्दा म्हणून येतो. त्याच वंशातील बखरकार मल्हार रामराव यांच्या काळी तो हुद्दा व आडनाव ही दोन्ही कामे एकाच वेळी करीत होता. अशा ठिकाणी लहान-मोठ्या अक्षराचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. टीप द्यावी हे बरे.

आजच्या मराठीने मात्र, लिपीत काही न बदलता, हा भेद दाखविण्याची एक सोय काढली आहे. तिची दखल वैयाकरणांनी जितकी घ्यावी तितकी घेतलेली दिसत नाही. ‘आनंदाने’ आणि ‘आनंदने’, ‘प्रकाशाने’ आणि ‘प्रकाशने’, ‘गणेशाने’ आणि ‘गणेशने’ या जोड्या पाहाव्या. पहिल्या रूपात भावना, उजेड, देव. दुसऱ्यात शेजारचा मुलगा. सामान्यनामाचे सामान्यरूप होते, व्यक्तिनामाचे होत नाही. त्याचप्रमाणे ‘पाटलाने चावडी उघडली’ यात अधिकार आहे, ‘पाटील यांनी भाषण केले’ यात बहुधा आडनाव आहे. ‘पाटलीण’, ‘देशमुखीण’ ही स्त्रीरूपे अधिकारनामापासून होतात. आडनाव म्हणून शब्द आला की सून आणि सासरा दोघेही ‘देशमुख’च. शूर्पणखेच्या ‘ण’काराने जे साधले होते तेच येथे सामान्यरूपाच्या अभावाने साधले आहे.

ही कसोटी जुन्या कागदांना लावण्याचा मोह अनावर होईल, पण तो आवरला पाहिजे. पेशवेकालीन भाषेत व्यक्तिनामांचेही सामान्यरूप सर्रास होते. ‘रामास’, ‘विठ्ठलाने’ ही रूपे माणसांसाठीच येतात, आणि ‘राव’चे ‘राया’ होऊन ‘बाजीरायास’ असे रूप सिद्ध होते. उलट ‘यांणी’, ‘यांस’ हे आदरार्थी शब्द नावाला लागतात तसेच हुद्द्यालाही लागतात. आजच्या सरकारी पत्रातील ‘जिल्हाधिकारी यांनी’ हा त्याच रीतीचा अवशेष. तेव्हा सामान्यरूपाच्या अभावावरून व्यक्तिनाम ओळखण्याची सोय अलीकडची आहे, आणि अठराव्या शतकातील कागदाला तिचा आधार देणे म्हणजे कालविपर्यास होईल. त्या कागदांसाठी ‘मौजे’, ‘बिन’, ‘राजश्री’ यांचाच आधार खरा.

पदापासून नाव सुटण्याची क्रिया विसाव्या शतकात कायद्याने पुरी केली. परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या मुंबई राज्याच्या कायद्याने रद्द झाली, आणि मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गेले. त्यानंतर ‘कुलकर्णी’, ‘देशपांडे’, ‘देशमुख’ हे शब्द वर्तमानकाळात केवळ आडनावे उरले, आणि आजच्या मजकुरात त्यांना मोठे अक्षर देताना अभ्यासकाने विचार करण्याचे कारण नाही. पाटील हा एकटा शब्द पूर्ण सुटला नाही. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील हा आजही गावातील अधिकारी आहे. ते पद वंशपरंपरेने चालत नाही, त्यामुळे ‘पोलीस पाटील’ हे आडनाव होण्याचा मार्गही खुंटला आहे. त्या गावचे पोलीस पाटील कुलकर्णी आणि तलाठी देशमुख असतील, तर तिघांपैकी कोणते शब्द पदाचे व कोणते नावाचे, हे गावातल्या लहान मुलालाही विचारावे लागत नाही.